शोरूमला जाताना सायकल बरोबर न्या

पहिली बरी सायकल घेतली की साधारण सहा महिन्यांत नवा प्रश्न उभा राहतो. खडकवासला करून करून पाठ झालेलं असतं, सिंहगडाचा पायथा गाठून झालेला असतो, आणि मग ग्रुपवर कोणीतरी लिहितं, "रविवारी पसरणी?" पसरणी म्हणजे वाईहून पाचगणीला चढणारा घाट, आणि वाई पुण्यापासून नव्वदेक किलोमीटर. हायवेच्या कडेने, ट्रकांच्या वाऱ्यात, खंबाटकी चढून तिथे पोचायचं आणि मग खरा घाट सुरू करायचा, हे नवख्याच्या पायांना झेपत नाही आणि घरच्यांच्या जिवाला तर मुळीच नाही. मुंबईकरांचं दुखणं आणखी वेगळं. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला प्रवेशच नाही. तेव्हा सायकल गाडीत घालून पहाटे चारला निघणं आलं. त्यात जुनी गाडी बदलायची वेळ झालेली असेल, तर सायकल मावेल अशी कुठली घ्यायची हा खल सुरू होतो.

मी हे उत्तर एकदा चुकवून बसलोय. डिकी मोठी म्हणून सेडान घेतली. डिकीत खरोखर चार मोठ्या बॅगा मावत. सायकल मात्र दोन्ही चाकं काढून, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून, मागच्या सीटवर पेशंटसारखी आडवी पडून सहा वर्षं फिरली.

आधी लिटर विसरा

जाहिरातीत डिकीचा आकडा लिटरमध्ये देतात. तो बॅगा लावायला ठीक आहे. सायकल ही वजनाला हलकी, पण लांबीला हट्टी वस्तू. उदाहरण बघा. आधीच्या पिढीतल्या डिझायरची डिकी ३७८ लिटरची, वॅगन-आरची ३४१ लिटरची. कागदावर डिझायर मोठी. पण डिझायरची मागची सीट पडत नाही आणि वॅगन-आरची पडते. सीट पडली की डिकीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत एकसलग जागा मिळते आणि मागचं दार थेट छतापर्यंत उघडत असल्याने सायकल सरळ आत सरकते. सायकलवाल्यासाठी ३४१ हे ३७८ पेक्षा कितीतरी जास्त आहेत.

तेव्हा बघायच्या गोष्टी तीनच: मागची सीट पडते का, पडल्यावर सपाट होते का, आणि मागच्या दाराचं तोंड किती मोठं आहे.

घरी बसून सायकल मोजा

शिंप्याकडची टेप चालेल. रोडबाइक (बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची सायकल) अखंड उभी असताना टोकापासून टोकापर्यंत साधारण १६५ ते १७५ सेंटीमीटर भरते. पुढचं चाक काढलं की १३५ ते १४० वर येते, कारण आता सायकल फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या, टोकाशी संपते. दोन्ही चाकं काढली तर मीटरभराचा सांगाडा उरतो. २९ इंची चाकांच्या एमटीबीचं (माउंटन बाइकचं) सगळंच मोठं: अखंड १८० ते १९०, पुढचं चाक काढून १५५ च्या आसपास. शिवाय तिचं हँडल ७२ ते ८० सेंटीमीटर रुंद, जिथे रोडबाइकचं ४० ते ४४ मध्ये आटपतं. लांबीने मावलेली एमटीबी हँडलपायी दार बंद होऊ देत नाही, हे मी दुसऱ्यांच्या गाड्यांत अनेकदा बघितलंय. हँडल धरून ठेवणाऱ्या स्टेमचे चार बोल्ट सैल करून ते फिरवून घेता येतं, पण दर रविवारी पहाटे हे करायची हौस फार दिवस टिकत नाही.

आता पुढचं चाक काढा, फोर्क जमिनीवर टेकवा, सीट पूर्ण खाली करा आणि सगळ्यात उंच टोकापर्यंत मोजा. ही उंची महत्त्वाची. मोठ्या गाडीत सायकल आडवी न पाडता उभी नेता येईल का, हे तीच ठरवते. चारही मापं मोबाइलवर लिहून ठेवा: पुढच्या चाकाविना लांबी, ही उंची, हँडलची रुंदी आणि सुट्या चाकाचा व्यास. चाकाचा व्यास रोडबाइकला सुमारे ६८ आणि २९ इंचीला ७४ सेंटीमीटर असतो. सुटं चाक कुठे ठेवायचं याचा विचार कोणीच करत नाही आणि मग ते बायकोच्या मांडीवर येतं.

माणसं किती, सायकली किती

इथे स्वतःशी प्रामाणिक राहा. एक माणूस आणि एक सायकल हा प्रश्नच नाही, सीट पडणारी कुठलीही हॅचबॅक चालते. एक माणूस, दोन सायकली, हेही जमतं. दोन माणसं आणि दोन सायकली इथून चढ लागतो, आणि खरं तर बहुतेकांची गरज हीच असते: नवरा-बायको, नाहीतर मी आणि माझा ब्रेव्हेचा (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइडचा) जोडीदार. तीन माणसं, तीन सायकली म्हटलं की छोट्या गाडीच्या पोटात जमत नाही. मग टप, मागचं कॅरिअर, नाहीतर मोठी गाडी.

किती वेळा, हेही विचारा. वर्षातून चार ब्रेव्हे आणि एक कोकण, एवढ्यासाठी दहा लाखांचा निर्णय फिरवू नका. रोज ऑफिसला जायला सोयीची गाडी घ्या आणि त्या पाच वेळांना छोटा हत्ती भाड्याने बोलवा.

गाड्यांचे प्रकार, माझ्या पसंतीने

सीट पडणारी उंच हॅचबॅक ही गरिबाची सायकलगाडी. वॅगन-आर दिसायला डबा आहे, आणि डबाच हवा असतो. उतरत्या काचेच्या, स्टायलिश पाठीच्या गाड्यांत डिकीच्या तोंडाशी सायकलची सीट किंवा मागचं चाक अडतं. सीट ६०:४० अशी विभागून पडत असेल तर दुसऱ्या माणसाला मागे बसता येतं, पण ही सोय बहुतेक कंपन्या वरच्या मॉडेलांतच देतात. खालच्या मॉडेलात अखंड पाठ पडते किंवा पडतच नाही. सेकंडहँड बघत असाल तर २०१५ साली आलेल्या होंडा जॅझच्या काही मॉडेलांत मागच्या सीटचं बूड वर उचलता येतं आणि पुढच्या सीटमागे छतापर्यंत मोकळी जागा होते, तिथे पुढचं चाक काढलेली सायकल गाडीच्या रुंदीत उभी राहते. सगळ्या जॅझमध्ये ही सीट नव्हती. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, स्वतः उचलून बघा.

सेडानबद्दल वर रडून झालंय.

छोट्या एसयूव्ही सगळ्यांना आवडतात, मला सायकलीसाठी तेवढ्या आवडत नाहीत. चार मीटरच्या आत बसवायच्या म्हणून लांबी हॅचबॅकइतकीच, बोनेट मात्र लांब, आणि डिकीचा उंबरा कमरेशी. दोनशे किलोमीटर करून आल्यावर पंधरा किलोची हायब्रिड सायकल त्या उंबऱ्यावरून उचलून आत टाकताना पाठ काय म्हणते ते एकदा ऐकून बघा. आत सीट पाडली तरी कित्येकींत पायरी उरते: डिकीचा तळ खाली, सीटची पाठ वर. त्या पायरीवर फ्रेम टेकते आणि नेमकी मागचा गिअर धरणाऱ्या नाजूक हँगरजवळ टेकते.

दोन माणसं, दोन सायकली ही खरी गरज असेल तर तीन रांगांची गाडी बघा. अर्टिगाची तिसरी रांग पाडली, दुसरीची अर्धी पाडली, की पुढचं चाक काढलेल्या दोन रोडबाइक आत जातात आणि तिसरा माणूसही बसतो. ट्रायबर २०१९ मध्ये आली. ती चार मीटरच्या आत आहे, म्हणजे जुन्या पेठेतल्या पार्किंगमध्येही लागते, आणि तिच्या तिसऱ्या रांगेच्या दोन्ही सीट पूर्ण काढून घरी ठेवता येतात. (घरी म्हणजे बाल्कनीत. घरच्यांची परवानगी आधी घ्या.) इनोव्हा क्रिस्टा ऐसपैस आहे, पण तिच्या तिसऱ्या रांगेच्या सीट दोन बाजूंना उचलून बांधल्या जातात आणि मध्ये गल्ली उरते. सायकल उभी घालणाऱ्याला गल्ली पुरते, आडवी घालणाऱ्याला नाही.

एक इशारा. ट्रायबरच्या सीट निघण्यासाठीच बनवल्या आहेत. इतर गाड्यांच्या सीट गॅरेजमध्ये बोल्ट खोलून कायमच्या काढल्या तर आरसी बुकातली आसनसंख्या आणि गाडी जुळत नाही. तो फेरबदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही.

मारुतीची ईको व्हॅन हे माझं गुपित प्रेम. सरकती दारं, पत्र्याची साधी भिंत, पाच सीटच्या मॉडेलात मागे उंच मोकळी जागा, आणि चिखल लागला तर वाईट वाटू नये असं रूप. आवाज करते, घाटात दम लागतो, हायवेला वाऱ्यावर डुलते. पण पावसाळ्यात ताम्हिणीतून चिखलाने माखलेल्या सायकली आणायच्या तर हिच्यासारखी दुसरी नाही. फक्त कार्गो मॉडेलच्या मोहात पडू नका. ते मालवाहू म्हणून पास होतं, त्याची पाटी, कर आणि कागदपत्रं वेगळी.

दहा-बारा जणांचा ग्रुप असेल तर सायकली टेम्पोने आणि माणसं कारने. टाटा एस, आपला छोटा हत्ती, २००५ पासून रस्त्यावर आहे आणि कुठल्याही नाक्यावर मिळतो. हौद्याच्या तळाला जुन्या गाद्या घाला, सायकली एक आड एक उलट्या दिशेने उभ्या करा, प्रत्येक दोन फ्रेममध्ये गोधडी, आणि फाळका लावल्यावर आडवे दोर. हौद्यात माणसं बसवू नका, रात्री तर नाहीच.

शोरूममधली परीक्षा

मी दुसरी गाडी घ्यायला गेलो तेव्हा सायकल चालवतच गेलो. गेटवरच्या काकांना वाटलं डिलिव्हरीवाला आहे. आतला सेल्समन पोरगा मात्र हुशार निघाला. त्याने आधी "सर, तीनशेच्या वर लिटर आहे" म्हणून बघितलं, मग मी सायकल आत घेऊ का विचारल्यावर डेमो गाडीच मागच्या अंगणात आणली. कोरी गाडी खराब होईल ही त्याची भीती रास्त होती, म्हणून मी चादर नेली होती. तुम्हीही न्या.

क्रम असा ठेवा. आधी पुढची ड्रायव्हरची सीट तुमच्या उंचीप्रमाणे लावा. हे सगळे विसरतात. सीट पुढे सरकवून सायकल बसवतात, कौतुक करतात, आणि मग स्टिअरिंगला गुडघे टेकवून घरी येतात. आमच्याकडे नेमकं तेच झालं. सायकल छान बसली, पोरगा खूश, आणि मी स्टिअरिंगमागे बसलो तर क्लच दाबताना गुडघा डॅशबोर्डला. सीट माझ्या मापाला मागे घेतली आणि फोर्क सहा सेंटीमीटर बाहेर आला. मग आम्ही दोघांनी सायकल तिरकी केली: मागचं चाक डिकीच्या डाव्या कोपऱ्यात, फोर्क ड्रायव्हरमागून काढून मध्ये, दोन सीटच्या फटीकडे. दार लागलं. त्या फटीने गाडी विकली गेली.

मग मागची सीट पाडा आणि तळावर हात फिरवा. पायरी किती? मागच्या दाराच्या तोंडाची रुंदी सगळ्यात अरुंद ठिकाणी मोजा. ती बहुधा खाली असते, चाकांच्या फुगवट्यांमध्ये. उंची उंबऱ्यापासून दाराच्या वरच्या कडेपर्यंत मोजा, आतल्या छतापर्यंत नको. आत जागा आहे पण तोंड लहान, अशा गाड्या भरपूर. मग सायकल घाला, गिअरची बाजू वर. दार हळू लावा, मध्ये हात घालून काच कुठे टेकते का बघा. शेवटी आरशात बघा. मागचं काही दिसत नसेल तर चालेल, पण डावा आरसा हँडलने झाकला जायला नको.

सीएनजी घेणाऱ्यांनी हे सगळं सीएनजी मॉडेलवरच करायचं. डेमो गाडी पेट्रोलची असते, बुकिंग सीएनजीचं होतं आणि घरी आल्यावर डिकीत सिलिंडर आडवा झोपलेला दिसतो. वॅगन-आर आणि अर्टिगाच्या सीएनजी मॉडेलांत तो डिकीतच आहे. त्याच्यावरून सायकल घालता येते, पण तळ मग डोंगर होतो. टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रोजपासून एकाऐवजी दोन छोटे सिलिंडर डिकीच्या तळाखाली बसवायला सुरुवात केली. सीएनजी आणि सायकल दोन्ही हवी असेल तर तशी मांडणी असलेल्या गाड्या आधी बघा.

टप आणि मागचं कॅरिअर

गाडी आधीच आहे, बदलायची नाही, तर सायकल बाहेर जाणार. दोन रस्ते आहेत.

टपावरचं कॅरिअर भक्कम असतं, गाडीचा रंग वाचतो, डिकी मोकळी राहते. पण गाडीवर दिसणारे रूफ रेल (टपावरच्या लांब दांड्या) खरे आहेत का ते तपासा. बऱ्याच गाड्यांवर ते नुसते शोभेचे असतात. गाडीच्या पुस्तिकेत टपावर किती वजन चालतं ते लिहिलेलं असतं, त्यात आडवे बार, कॅरिअर आणि सायकली सगळं धरायचं. रोडबाइक ८ ते ११ किलो, हायब्रिड १३ ते १५, ई-सायकल विसाच्या वर. दुसरी गोष्ट उंची. दीड-पावणेदोन मीटरची गाडी आणि वर मीटरभराहून उंच सायकल, म्हणजे पावणेतीन मीटरच्या आसपास. मॉलच्या आणि सोसायट्यांच्या कित्येक बेसमेंटच्या तोंडाशी २.१ किंवा २.२ मीटरची पाटी टांगलेली असते. डॅशबोर्डवर मोठ्या अक्षरात 'वर सायकल आहे' अशी चिठ्ठी चिकटवा. हसण्यावारी नेऊ नका, थकलेल्या माणसाला घरच्या पार्किंगमध्ये शिरताना टप आठवत नाही.

पट्ट्यांनी डिकीला बांधायचं कॅरिअर स्वस्त आणि सुटसुटीत. त्याचे वरचे हूक दाराच्या कडेला अडकतात. तिथे प्लॅस्टिकचा स्पॉयलर असेल तर हूक त्याच्यावर येऊ देऊ नका, मोडतो. खालच्या रबरी पायांखाली धूळ अडकून रंगावर चरे पडतात, म्हणून लावण्याआधी ओल्या फडक्याने पुसा. पहिल्या दहा किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा ओढा, कारण ते सैल होतातच.

आणि पोलीस. नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जाता कामा नयेत, आणि मागच्या कॅरिअरमध्ये ते हमखास झाकले जातात. फास्टॅग पुढच्या काचेवर असतो, त्याला मागच्या सायकलींशी देणंघेणं नाही. कॅमेऱ्याला मात्र आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने भर पडली आहे: गाडीतलं सामान परवानगीपेक्षा जास्त बाजूला, पुढे, मागे किंवा वर आलं तर २०,००० रुपये दंड. एमटीबीचं हँडल आणि पेडल गाडीच्या रुंदीबाहेर डोकावत नाही ना, हे मागे उभं राहून बघा. हँडल वळवून किंवा पेडल काढून ते आत घेता येतं.

घालताना

मागचं चाक काढायचं असेल तर आधी चेन सगळ्यात छोट्या गिअरवर आणा, चाक सहज निघतं आणि बसतं. डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर पॅडच्या फटीत पुठ्ठ्याचा तुकडा घाला. वाटेत चुकून लिव्हर दाबला गेला तर हायड्रॉलिक ब्रेकचे पिस्टन आत येऊन चिकटतात आणि वाईच्या घाटावर, गणपतीसमोर, पहाटे सहाला स्क्रू ड्रायव्हर शोधत बसावं लागतं. फोर्कचा अ‍ॅक्सल (चाकाचा आस) काढला असेल तर तो लगेच फोर्कमध्येच परत बसवा, खिशात नाही. कार्बन फ्रेम असेल तर कॅरिअरचा पंजा वरच्या नळीवर आवळू नका, चाकांना किंवा फोर्कला धरणारं कॅरिअर घ्या.

दोन सायकली एकावर एक आडव्या घालायच्या तर खालची गिअर वर करून, मग जाड गोधडी, मग दुसरी उलट्या दिशेने. चेनचं काळं ग्रीस सीटला लागलं की जात नाही. पावसाळ्यात तळाला मेणकापड, आणि घरी आल्या आल्या ते काढून वाळत घालायचं, नाहीतर सोमवारी ऑफिसला जाताना गाडीला तळ्याचा वास येतो. कोकणातून परतताना जंगलजेटीवर (खाडी ओलांडणाऱ्या गाड्यांच्या बोटीवर) चढलेल्या गाडीच्या टपावर सायकल असेल तर खारं पाणी उडतं, घरी येऊन आधी चेन धुवा, मग जेवा.

शेवटचं, चाकांबद्दल. मागच्या वर्षी पाचगणीहून खाली आल्यावर वाईत चहा घेतला, सायकली आत घातल्या, गाडी मागे घेतली आणि कडकन आवाज आला. पुढचं चाक मागच्या बंपरला टेकवून ठेवलेलं होतं. मीच ठेवलं होतं. तेव्हापासून किल्ली फिरवण्याआधी मोठ्याने मोजतो: गाडीची चार, स्टेपनी पाचवी, दोन सायकलींची चार. नऊ झाली की रिव्हर्स.